बिनपोर्टाचा ब्रिज : प्रयोगशाळेच्या दृष्टीने प्रॉक्समॉक्स व्हीई

तीन वर्षांपूर्वी, प्रवेशप्रक्रियेच्या ऐन धामधुमीत, आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातून प्रयोगशाळेत फोन आला. “सर, फॉर्म पुढे सरकतच नाहीयेत. नेट गेलंय का?” मी खाली जाऊन लेखनिकांच्या संगणकाचा आयपी पत्ता पाहिला, तर तो १९२.१६८.७७ ने सुरू होत होता. आमच्या आवारात असा पत्ता कुठेच दिलेला नाही. तो आकडा मीच तासाभरापूर्वी वरच्या मजल्यावर फळ्यावर खडूने लिहिला होता. त्या दिवशी डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे संगणकांना पत्ते वाटणारा सर्व्हर, उभा करण्याचे प्रात्यक्षिक होते, आणि एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या संगणकात) पॅकेज उतरवून घेण्यासाठी मी त्याचे नेटवर्क कार्ड थोडा वेळ ‘ब्रिज्ड’वर, म्हणजे आवाराच्या नेटवर्कावर, नेले होते. ते परत ‘इंटर्नल’वर, म्हणजे आतल्या बंद नेटवर्कावर, आणायचे राहून गेले. पत्ता हवा असलेला संगणक सगळ्या नेटवर्कला हाक मारतो आणि साधारणपणे ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता स्वीकारतो. कार्यालयातील दोन संगणकांना आमच्या प्रात्यक्षिकाचे उत्तर आधी मिळाले, इतकेच. चूक सर्वस्वी माझी होती आणि प्राचार्यांपुढे मी ती तशीच कबूल केली.

त्यानंतर वर्षभराने आम्ही प्रयोगशाळेतील सगळी व्हीएम एका जुन्या सर्व्हरवर, व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स व्हीई या प्रणालीवर हलवली. तिच्या दोन वर्षांच्या वापरावर हे परीक्षण आधारलेले आहे. प्रॉक्समॉक्सच्या साठवणुकीबद्दल, बॅकअपबद्दल किंवा वेगाबद्दल मी येथे फारसे लिहिणार नाही. माझी कसोटी एकच आहे : व्हीएम आपापसांत हवी तेवढी बोलावीत, आणि कार्यालयाच्या, वसतिगृहाच्या किंवा खुद्द होस्टच्या, म्हणजे ज्या यंत्रावर ती चालतात त्याच्या, वाटेला त्यांनी जाऊ नये, हे ही प्रणाली किती खात्रीने घडवून आणते, आणि घडले आहे की नाही हे आपल्याला कितपत दाखवते.

आधी व्हर्च्युअलबॉक्सला, म्हणजे प्रत्येक संगणकावर व्हीएम चालवणाऱ्या आमच्या आधीच्या सॉफ्टवेअरला, त्याचे श्रेय दिले पाहिजे, कारण बहुतेक महाविद्यालयांत आजही तेच वापरले जाते आणि त्यात वावगे काही नाही. इनोटेक या जर्मन कंपनीने २००७ मध्ये ते मुक्त स्वरूपात आणले, २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे गेले. त्यातील ‘इंटर्नल नेटवर्क’ हा प्रकार विलगीकरणाच्या दृष्टीने मला आजही अतिशय स्वच्छ वाटतो : एकच नाव दिलेली कार्डे एकमेकांना दिसतात, होस्टलासुद्धा त्यात जागा नसते. ‘होस्ट-ओन्ली’ प्रकारात मात्र होस्ट स्वतः १९२.१६८.५६.१ हा पत्ता घेऊन पलीकडे बसलेला असतो, म्हणजे विद्यार्थ्याच्या विंडोजवर फाइल शेअरिंग चालू असेल तर व्हीएममधून ते दार ठोठावता येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर मालवेअर ज्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून पसरला तेच हे दार.

सर्वांत मोठा गैरसमज ‘नॅट’बद्दल, म्हणजे होस्टच्या पत्त्याआडून व्हीएमला बाहेर जाऊ देणाऱ्या प्रकाराबद्दल, आहे, आणि तो विद्यार्थ्यांचाच नव्हे तर कितीतरी शिक्षकांचाही आहे. पहिल्या तासाला कोणीतरी हमखास ओरडते, “सर, आमच्या दोघांचा पत्ता एकच आलाय!” दोघांच्याही पडद्यावर १०.०.२.१५ असते. प्रत्येक व्हीएमला स्वतःचे स्वतंत्र नॅट मिळते, त्यामुळे तसे होणे स्वाभाविक आहे. पण त्यावरून मुले असा निष्कर्ष काढतात की आपण एका बंद खोलीत आहोत. वस्तुतः नॅट बाहेरच्याला आत येऊ देत नाही, आतल्याला बाहेर जाण्यास ते आडकाठी करत नाही. नॅटवरच्या काली लिनक्समधून, म्हणजे सुरक्षाचाचणीची साधने असलेल्या लिनक्समधून, एखाद्याने हौसेने संपूर्ण आवाराचे स्कॅनिंग केले तर ते बिनदिक्कत होते, आणि समोरच्या यंत्राच्या नोंदीत होस्टचा पत्ता उमटतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मधील कलम ४३ काय म्हणते हे आम्ही सत्राच्या आरंभी वाचून दाखवतो, परंतु वाचून दाखवलेल्या कलमापेक्षा नसलेली तार जास्त विश्वासार्ह असते, असे माझे मत झाले आहे.

व्हर्च्युअलबॉक्सची खरी अडचण अशी की ही सगळी निवड वीस संगणकांवरच्या वीस वेगवेगळ्या खिडक्यांत विखुरलेली असते. एका कार्डाची चुकीची निवड शोधण्यासाठी मला वीस खुर्च्यांमागे उभे राहावे लागे. प्रॉक्समॉक्सकडे वळण्याचे मुख्य कारण हेच होते.

प्रॉक्समॉक्स व्हीई ही व्हिएन्नामधील कंपनीची, डेबियनवर उभारलेली आणि लिनक्सच्या केव्हीएम या व्हीएम चालवणाऱ्या भागाचा आधार घेणारी प्रणाली आहे. तिची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली, आमच्याकडे आठवी मालिका आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नववी बाहेर पडली. ती एजीपीएल या मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते. पैसे मोजावे लागतात ते कंपनीच्या मदतीसाठी आणि व्यावसायिक अद्यतनांच्या भांडारासाठी. वर्गणी नसेल तर प्रत्येक लॉगिनच्या वेळी तसे सांगणारी चौकट समोर येते, आणि अद्यतनांसाठी भांडाराचा पत्ता आपणच बदलून घ्यावा लागतो. नव्याने बसवणाऱ्याला ‘अनधिकृत’ असे उत्तर देणारी त्रुटी दिसली की आपले काही चुकले असे वाटते. वास्तविक ते फक्त वर्गणीदारांचे भांडार असते. हा त्रास किरकोळ आहे. उतरवलेल्या प्रतिमेवरून प्रणाली बसवायला चहा निवण्याइतका वेळ लागतो आणि पुढचे सर्व काम ब्राउझरमध्ये ८००६ क्रमांकाच्या पोर्टवर चालते.

बसवताना ती ‘व्हीएमबीआर०’ नावाचा एक ब्रिज तयार करते. ब्रिज म्हणजे सर्व्हरच्या पोटातला नेटवर्क स्विच समजावा. व्हीएमची कार्डे त्यात खोचली जातात. या पहिल्या ब्रिजमध्ये सर्व्हरचे खरे, भिंतीकडे जाणारे पोर्ट खोचलेले असते आणि होस्टचा आयपी पत्ताही त्याच्यावरच असतो. म्हणजे आपण काही विचार न करता नवे व्हीएम केले तर ते थेट आवाराच्या नेटवर्कात, माझ्या त्या डीएचसीपीच्या जागी, जाऊन बसते. नवशिक्याच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, प्रयोगशाळेच्या दृष्टीने नाही; म्हणून पहिले काम दुसरा ब्रिज करण्याचे.

तो करणे फारच सोपे आहे. नेटवर्कच्या पानावर नवा लिनक्स ब्रिज मागायचा, त्याला ‘व्हीएमबीआर१’ म्हणायचे, पोर्टचा रकाना रिकामा सोडायचा, आयपी पत्त्याचा रकानाही रिकामा सोडायचा. बदल लगेच लागू होत नाहीत. ते आधी एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवले जातात, पानाच्या तळाशी जुने आणि नवे यांतला फरक ओळीओळीने दिसतो, आणि ‘अप्लाय’चे बटण दाबल्यावरच ते अमलात येतात. मला या प्रणालीतली सर्वांत आवडलेली जागा ही आहे. ज्या स्विचला बाहेर जाणारी केबलच नाही त्यातून काही बाहेर जाऊ शकत नाही, हे विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. पोर्टचा रिकामा रकाना तो स्वतः पाहतो. फायरवॉलचा नियम कोणी तरी चुकीचा लिहू शकतो, वरच्या नियमाने खालचा झाकला जाऊ शकतो. नसलेल्या केबलबाबत असे काही होत नाही.

तरीही या बिनपोर्टाच्या ब्रिजला एक फट आहे, आणि ती मला पहिल्या सत्रात अजिबात माहीत नव्हती. आयपीचा रकाना रिकामा सोडला म्हणजे होस्ट त्या ब्रिजवर उपस्थित नाही, असे मी गृहीत धरले होते. एके दिवशी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने काली लिनक्समधून एफएफ०२::१ या पत्त्याला, म्हणजे आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीतील ‘इथे जे कोणी असाल त्या सर्वांना’ या पत्त्याला, पिंग केले, म्हणजे ‘आहात का?’ अशी हाक मारली. तिच्या जोडीच्या व्हीएमचे उत्तर येणे अपेक्षित होते. त्याखेरीज आणखी एक उत्तर आले. “सर, हा तिसरा कोण?” तिसरा होता खुद्द सर्व्हर. लिनक्स प्रत्येक चालू इंटरफेसला, आपण मागितला नसला तरी, एफई८० ने सुरू होणारा एक स्थानिक पत्ता देऊन टाकतो, आणि ब्रिज हाही इंटरफेसच. प्रॉक्समॉक्सचे व्यवस्थापनाचे पान सर्व पत्त्यांवर, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींवर, ऐकत असते. पाचच मिनिटांत त्या मुलीने ‘विलग’ व्हीएममधून लॉगिनचे पान उघडून दाखवले. पासवर्ड तिच्याकडे नव्हता हे खरे. पण ज्या खोलीला दार नाही असे मी सांगत होतो तिला खिडकी होती.

उपाय अवघड नाही. त्या ब्रिजपुरते आयपीव्ही६ सिस्टीमच्या मांडणीतून बंद करता येते, आणि व्यवस्थापनाच्या पानाला ठरावीक पत्त्यावरच ऐकण्यास सांगण्याची सोयही आहे. आम्ही दोन्ही केले. मात्र ब्रिज तयार करण्याच्या त्याच खिडकीत ‘होस्टने या ब्रिजपासून पूर्ण दूर राहावे’ अशी एक खूण असती, तर हे काम कमांडलाइनवर जाऊन करावे लागले नसते. प्रयोगशाळेसाठी प्रणाली निवडणाऱ्याने या मुद्द्याला माझ्या मते बरेच गुण राखून ठेवावेत, आणि येथे प्रॉक्समॉक्स ते गुण गमावते. व्हर्च्युअलबॉक्सच्या इंटर्नल नेटवर्कमध्ये ही फट नाही.

यापुढचा भाग व्हीलॅनचा, म्हणजे एकाच स्विचचे टॅगने वेगळे भाग पाडण्याचा, आणि आमच्या रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडलेला. आमच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या वीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीला एक काली लिनक्स आणि एक मेटास्प्लॉइटेबल २, म्हणजे मुद्दाम भोके ठेवून बनवलेले लिनक्स, अशी दोन व्हीएम लागतात. पहिल्याला दोन जीबी आणि दुसऱ्याला अर्धा जीबी स्मृती दिली तर वीस जोड्यांना पन्नास जीबी लागते, आणि आमच्या सर्व्हरमध्ये चौसष्ट आहे, म्हणजे भागते. प्रश्न उरतो की वीस जोड्या एकाच ब्रिजवर ठेवल्या तर प्रत्येक जण दुसऱ्याच्याच मेटास्प्लॉइटेबलवर हल्ला चढवतो, आणि मग कोणाचे प्रात्यक्षिक कोणी पूर्ण केले हे तपासण्यातच तास निघून जातो. वीस ब्रिज करता येतात, पण त्याची गरज नाही. ‘व्हीएमबीआर१’वर ‘व्हीलॅन अवेअर’ची बरोबरची खूण करायची आणि प्रत्येक जोडीच्या कार्डांना १०१ ते १२० यांपैकी एक टॅग द्यायचा, की एकाच स्विचचे वीस वेगळे स्विच होतात.

याचा एक फायदा मी आधी ध्यानात घेतला नव्हता. वर्तुळे, म्हणजे जोड्यांची नेटवर्के, पूर्णपणे वेगळी असल्यामुळे सर्व जोड्यांत तेच पत्ते वापरता येतात. प्रत्येक काली १९२.१६८.५६.१० आणि प्रत्येक मेटास्प्लॉइटेबल १९२.१६८.५६.२०. त्यामुळे प्रात्यक्षिकाचा कागद एकच छापावा लागतो, “तुमच्या पत्त्यात शेवटी तुमचा हजेरी क्रमांक घाला” असली कसरत करावी लागत नाही, आणि व्हीएसएफटीपीडी २.३.४ या फाइल-सर्व्हरमधले ते प्रसिद्ध मागचे दार ६२०० क्रमांकाच्या पोर्टवर उघडले की नाही हे सगळ्यांच्या पडद्यावर एकाच ओळीत दिसते. अर्थात ज्या प्रात्यक्षिकांत वर्तुळांना एका सामाईक राउटरमधून जोडायचे असते तेथे एकच पत्ता चालत नाही. त्यांच्यासाठी आम्ही १०.५०.१०१.०, १०.५०.१०२.० असे टॅगवरूनच ओळखू येणारे स्वतंत्र पत्ते ठेवले आहेत.

आता दुसरी फट. व्हीलॅन ओळखणाऱ्या ब्रिजवर एखाद्या कार्डाचा टॅगचा रकाना रिकामा राहिला, तर ते कार्ड ‘कोणत्याच व्हीलॅनमध्ये नाही’ असा अर्थ होत नाही. त्या कार्डाला सगळे व्हीलॅन टॅगसकट पोहोचतात. व्हीएमच्या आत रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असलेल्या माणसाने आपल्या कार्डावर १०७ क्रमांकाचा उप-इंटरफेस काढला की तो सातव्या जोडीच्या घरात. राउटरचे काम करणाऱ्या व्हीएमसाठी हे वरदान आहे, कारण एका कार्डातून वीस वर्तुळे हाताळता येतात. विद्यार्थ्याच्या व्हीएमसाठी हीच गोष्ट घातक आहे. पोर्टचा रिकामा रकाना म्हणजे पूर्ण बंद, आणि टॅगचा रिकामा रकाना म्हणजे पूर्ण उघडे, हा विरोधाभास मला अजून पटलेला नाही. तांत्रिक कारणे मला समजतात. तरी शिकवताना तोंडाला फेस येतो.

या दोन्ही फटींपेक्षा जास्त दिशाभूल करणारी गोष्ट म्हणजे फायरवॉलची खूण. नवे व्हीएम तयार करताना नेटवर्कच्या पानावर ‘फायरवॉल’ची खूण आपोआप केलेली असते, आणि ती पाहून कोणाचाही समज होतो की संरक्षण चालू आहे. प्रत्यक्षात फायरवॉल तीन पायऱ्यांवर चालते : आधी डेटासेंटरच्या, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या सर्वांत वरच्या, पातळीवर ती सुरू हवी, मग त्या व्हीएमच्या स्वतःच्या पर्यायांत सुरू हवी, आणि शिवाय कार्डावर खूण हवी. डेटासेंटरची पायरी मुळात बंद असते, आणि ती बंद असेपर्यंत खालच्या नियमांना काही अर्थ नसतो. ती सुरू करतानाही घाई करू नये, कारण सुरू होताच होस्टकडे येणारी सर्व वाहतूक अडवली जाते. अपवाद फक्त स्थानिक नेटवर्कातून येणाऱ्या व्यवस्थापनाचा आणि एसएसएच या दूरच्या लॉगिनचा. ज्यांचा सर्व्हर एका विभागात आणि स्वतःचा संगणक दुसऱ्या विभागात आहे त्यांनी आपल्या पत्त्यासाठी नियम आधी लिहावा, अन्यथा सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडायला जिने चढावे लागतील.

फायरवॉल एकदा नीट बसवली की मात्र ती कामाची आहे. एकाच ब्रिजवर, एकाच टॅगमध्ये असलेली दोन व्हीएम एकमेकांशी थेट बोलतात, त्यांची वाहतूक राउटरपर्यंत जातच नाही. त्यामुळे राउटरवर कितीही कडक नियम लिहिले तरी त्यांच्यात भिंत उभी राहत नाही. प्रॉक्समॉक्सची फायरवॉल प्रत्येक कार्डाच्या तोंडाशी बसते, म्हणून शेजाऱ्या-शेजाऱ्यांतसुद्धा अडसर घालता येतो. व्हीएमने स्वतःचा मॅक (कार्डाचा स्वतःचा) किंवा आयपी पत्ता बदलून दुसऱ्याचे सोंग घेतले तर तेही अडवता येते; एआरपीची फसवणूक (दुसऱ्याचा आयपी पत्ता आपल्या मॅकचा असल्याचे भासवणे) शिकवायची असेल तेव्हा अर्थातच हे तेवढ्यापुरते बंद करावे लागते.

राउटरसाठी आम्ही एका व्हीएममध्ये ओपीएनसेन्स हे राउटर-फायरवॉलचे सॉफ्टवेअर वापरतो, जे २०१५ मध्ये पीएफसेन्स या तशाच सॉफ्टवेअरपासून वेगळे झाले. त्याचे एक कार्ड ‘व्हीएमबीआर०’वर, दुसरे ‘व्हीएमबीआर१’वर, आणि बाहेर जाण्याची वाट फक्त याच्यातून. ज्या दिवशी पॅकेज उतरवायची असतात त्या दिवशी त्यातला नियम उघडायचा, काम झाले की बंद करायचा; विद्यार्थ्यांच्या कार्डांना हात लावायचा नाही. ते बसवताना तीन ठिकाणी ठेच लागते आणि तिन्ही ठिकाणी दोष प्रॉक्समॉक्सचा नसतो. त्याचा आतला पत्ता मुळात १९२.१६८.१.१ असतो आणि बहुतेक घरांत व लहान कार्यालयांत तोच पत्ता आधीच राउटरकडे असतो. बाहेरच्या बाजूने येणारे खासगी पत्ते ते मुळात अडवते, आणि प्रयोगशाळेत तर ‘बाहेर’ही खासगीच असते. शिवाय व्हर्टआयओ प्रकारचे (व्हीएमसाठी बनवलेले आभासी) कार्ड दिले असेल तर चेकसमचे, म्हणजे पाकिटे शाबूत आहेत का हे तपासण्याचे, काम हार्डवेअरवर सोपवण्याची सोय बंद असावी लागते. ती चालू राहिल्यास पिंग जाते पण वेबपान उघडत नाही, आणि माणूस दोन दिवस नियमच तपासत बसतो.

अधिकारांच्या बाबतीत प्रॉक्समॉक्सने आठव्या मालिकेत केलेली सुधारणा माझ्या दृष्टीने फार मोलाची आहे. कोणत्या वापरकर्त्याने कोणता ब्रिज वापरावा हे आता स्वतंत्रपणे ठरवता येते. विद्यार्थ्याला आम्ही फक्त व्हीएम चालू-बंद करण्याची आणि त्याचा पडदा पाहण्याची भूमिका देतो, त्यामुळे नेटवर्कची मांडणी त्याच्या हाती लागतच नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पवाल्यांना स्वतःची व्हीएम रचू द्यायची असतात, त्यांना ‘व्हीएमबीआर१’ दिसतो आणि ‘व्हीएमबीआर०’ यादीतच येत नाही. तीन वर्षांपूर्वी मी केलेली चूक आज त्यांना इच्छा असूनही करता येणार नाही. मला करता येते, कारण माझ्याकडे रूट आहे.

आणि मी ती जवळपास पुन्हा केलीही. प्रॉक्समॉक्समध्ये स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता येईल अशी व्हीएमची जतन केलेली स्थिती, घेतला की त्या क्षणीची व्हीएमची मांडणीही त्यात जतन होते, नेटवर्क कार्ड कोणत्या ब्रिजवर आणि कोणत्या टॅगवर आहे हेसुद्धा. मी काली अद्ययावत करण्यासाठी तिचे कार्ड ‘व्हीएमबीआर०’वर नेले, काम झाल्यावर लगेच स्नॅपशॉट घेतला, आणि नंतर कार्ड परत जागेवर आणले. पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू करण्याआधी त्या स्नॅपशॉटवर परतलो, तेव्हा कार्डही मुकाट्याने आवाराच्या नेटवर्कात परतले होते. यावेळी ते विद्यार्थी येण्यापूर्वी ध्यानात आले. आता क्रम पक्का आहे : आधी कार्ड आत, मग स्नॅपशॉट. वर्गासाठी प्रती काढताना प्रत्येक प्रतीला नवा मॅक पत्ता मिळतो, ती काळजी करावी लागत नाही, ८.१ पासून तो बीसी:२४:११ ने सुरू होतो, त्यामुळे आवाराच्या स्विचवर एखादे व्हीएम चुकून बाहेर आलेच तर नोंदींत लगेच ओळखू येते. मात्र उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रती काढताना आतली मशीन-आयडी पुसून घ्यावी, नाहीतर मॅक वेगळे असूनही डीएचसीपी दोघांना एकच पत्ता देतो.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ८.१ आवृत्तीपासून सॉफ्टवेअरने रचलेल्या नेटवर्कची सोय, म्हणजे एसडीएन, मूळ प्रणालीतच मिळते. एकाहून अधिक सर्व्हर असतील आणि एकच वर्तुळ दोन सर्व्हरांवर पसरवायचे असेल तर तिचे व्हीएक्सलॅन, म्हणजे सर्व्हरांमधून पसरणारे व्हीलॅन, उपयोगी आहे. एका सर्व्हरच्या प्रयोगशाळेत मला तिची गरज भासलेली नाही. तिच्यातील साध्या झोनला गेटवे दिला की तो पत्ता होस्टवर बसतो, आणि मग होस्टला दूर ठेवण्याचा सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो.

लॅपटॉपवर प्रॉक्समॉक्स बसवून वायफायवर ब्रिज करू पाहणाऱ्यांची निराशा होईल. वायफायचे केंद्र जोडणी केलेल्या एका मॅक पत्त्याखेरीज इतरांची वाहतूक सहसा स्वीकारत नाही, त्यामुळे साधा ब्रिज तेथे चालत नाही. घरी एकट्याने सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला मी आजही व्हर्च्युअलबॉक्सच सुचवतो, किंवा २०२४ पासून विनामूल्य झालेले व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. पडद्याची अडचणही सांगितली पाहिजे : ब्राउझरमधून दिसणाऱ्या कन्सोलमध्ये कापणे-चिकटवणे सुखाने होत नाही, आणि लांबलचक आज्ञा हाताने टाइप करताना विद्यार्थी कुरकुरतात. विलगीकरणाच्या दृष्टीने हा मला गुण वाटतो. सामाईक फोल्डर आणि सामाईक क्लिपबोर्ड या नेटवर्क तोडूनही उरणाऱ्या वाटा आहेत. विद्यार्थ्यांना मात्र हे पटलेले नाही.

कंटेनरची सोय प्रॉक्समॉक्समध्ये आहे आणि ते व्हीएमपेक्षा पुष्कळ हलके असतात, पण त्यांचा आणि होस्टचा कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एकच असतो. हल्ल्याच्या प्रात्यक्षिकासाठी ते वापरू नयेत. व्हीएमची भिंतही अभेद्य नाही. मे २०१५ मध्ये केव्हीएमबरोबर चालणाऱ्या क्यूईएमयूच्या फ्लॉपी नियंत्रकातील व्हेनम हा दोष उघड झाला, म्हणजे ज्या फ्लॉपीला कोणी वर्षानुवर्षे हात लावला नव्हता तिच्यातून होस्टकडे जाण्याची शक्यता निघाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्गेई झेलेन्यूक यांनी व्हर्च्युअलबॉक्समधील इंटेल प्रो १००० कार्ड आणि नॅट या नेहमीच्या जोडीतून होस्टवर पोहोचता येते हे दाखवून दिले. म्हणून खराखुरा मालवेअर उघडून पाहण्याचे काम आम्ही या सर्व्हरवर करत नाही. त्यासाठी कोपऱ्यात एक जुना संगणक आहे, ज्याच्या मागच्या नेटवर्क पोर्टात लाल चिकटपट्टी कोंबलेली आहे.

वीस-तीस विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा, एक बरासा सर्व्हर, आणि लिनक्सची कमांडलाइन न घाबरता उघडणारा निदान एक माणूस, एवढे ज्यांच्याकडे आहे त्यांनी प्रॉक्समॉक्स बेलाशक घ्यावे. तो एक माणूस नसेल तर घेऊ नये, कारण वर सांगितलेल्या फटी पडद्यावरच्या बटणांनी बुजत नाहीत. आमच्या सर्व्हरच्या झाकणावर मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर वर्गापूर्वी करायच्या चार गोष्टी आहेत : एका कालीतून कार्यालयातील प्रिंटरला पिंग, होस्टच्या पत्त्याला पिंग, एफएफ०२::१ ला पिंग, आणि शेजारच्या जोडीच्या टॅगचा उप-इंटरफेस काढून पुन्हा पिंग. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याला उत्तर येता कामा नये. तिसऱ्याला जोडीदाराखेरीज कोणाचेही नको. मागच्या सोमवारी प्रिंटरचे उत्तर आले. ओपीएनसेन्समधला शनिवारी उघडलेला नियम बंद करायचा राहिला होता.